‘येते’ म्हणाली होती

प्रिय ताई,

तुझा निरोप येऊन बरेच दिवस झाले. उत्तर द्यायचं राहून गेलं असं म्हणणार नाही, कारण रोज दुकानातून घरी आलो की डोक्यात तेच असतं. पण फोन हातात घेतला की काय बोलायचं ते सुचत नाही. हल्ली आपलं बोलणं असं झालंय की तू ‘बाकी काय’ म्हणतेस, मी ‘बाकी ठीक’ म्हणतो आणि मग दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. आई होती तेव्हा ती मधे असायची. तिच्या गोळ्यांबद्दल बोलता यायचं, तिच्या हट्टांवर हसता यायचं. आता मधलं माणूसच गेलं. म्हणून शेवटी कागद घेतला. गुरुजींनी शाळेत शिकवलं होतं तसा डावीकडे समास सोडलाय बघ. अक्षर मात्र बिघडलंय, तेवढं सांभाळून घे.

तुझ्या निरोपातली काही वाक्यं माझ्या मनातून जात नाहीत. तू लिहिलं होतंस, “चिमीशी मी बोलणं टाकलंय. परीक्षा संपली की आजीला भेटायला जा म्हणून तिकीट काढून दिलं होतं, ते हिनं आपल्या हातानं रद्द केलं. वर कारण काय देते, तर म्हणे आजीच इकडे येणार होती. जी बाई खाटेवरून मोरीपर्यंत जाऊ शकत नव्हती, ती विमानात बसून येणार होती! खोटं बोलायलाही काही सुमार असतो. इतकी कोरडी कशी निपजली माझ्या पोटी?” ताई, मला याच्यावरच बोलायचंय. पण सरळ मुद्द्यावर यायचं मला कधी जमलं नाही हे तुला माहीत आहे. तू लहानपणी म्हणायचीस ना, याला पाणी मागायचं असलं तरी हा विहिरीपासून सुरुवात करतो. तसंच समज आणि शेवटपर्यंत वाच. चिमी तिच्या कॉलेजच्या खोलीवर आणि तू आपल्या स्वयंपाकघरात, अशा तुम्ही दोघी आपापली दारं लावून बसला असाल तर निदान वाचायला निवांतपणा तरी असेल.

आधी इकडचं. मी बरा आहे. बरा म्हणजे चालता-फिरता आहे. काम कमी झालंय आणि दमणं वाढलंय, हे गणित काही जुळत नाही. बायको म्हणते, रक्त तपासून घ्या. मी म्हणतो, रक्तात काय सापडणार, वापरून वापरून जुनं झालंय इतकंच. त्यावर ती रागावते आणि मग स्वतःच माझ्यासाठी चहा टाकते. आईची खोली अजून तशीच आहे. खाट खिडकीजवळ, तिच्याखाली तिच्या चपला. भिंतीला ती डोकं टेकून बसायची तिथे तेलाचा डाग पडलाय. तुझा भाचा म्हणाला, रंग देऊन टाकू. मी म्हटलं, राहू दे. तर मला म्हणतो, “पप्पा, डाग आहे तो, मेमरी नाही.” बोलतो कसा बघ. तो तर इथेच वाढला, आईच्या मांडीवर वाढला, तरी त्याचं निम्मं बोलणं मला अंदाजानं घ्यावं लागतं. तेव्हा तू तिकडे परदेशात राहून पोरीची भाषा तुटली असं समजू नकोस. ते इथेही झालंय, माझ्या डोळ्यांदेखत, एकाच घरात.

दुकानात शिक्के बनवायला आता मी एकटाच उरलोय. मालकांच्या मुलानं लेझरचं मशीन आणलं. रबराचा तुकडा आत ठेवायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं. जळक्या रबराचा वास सुटतो आणि शिक्का तयार. पूर्वी मी छपाईचे खिळे जुळवायचो, एकेक अक्षर उलटं, आरशात दिसावं तसं. त्यामुळे माझं इंग्रजी कसं झालंय ते तुला ठाऊक आहे. उलटं असलं की झरझर वाचतो, सुलटं समोर आलं की अडखळतो. मालक गिऱ्हाइकांना सांगतात, “आमच्या मास्तरांना इंग्रजी उत्तम येतं, फक्त आरसा जवळ ठेवावा लागतो.” गिऱ्हाईक हसतं, मीही हसतो. मला येणारं इंग्रजी म्हणजे पेड, रिसीव्ह्ड, कॅन्सल्ड, अर्जंट आणि ट्रू कॉपी. एवढ्या शब्दांत माणूस कचेरी चालवू शकतो, पण भाचीशी बोलू शकत नाही.

आपल्या अक्षरांतला शिक्का आता क्वचित कुणी मागतं. परवा एका संस्थेचा कारकून आला होता. साधा शब्द, ‘कार्यालय’. काँप्युटरनं रफार एक घर पुढे सरकवला आणि उठलं ‘कायार्लय’. मी म्हटलं, जरा थांबा, दुसरा करून देतो. तो घड्याळ बघत म्हणाला, “राहू द्या हो काका, कोण वाचतंय!” आणि तोच घेऊन गेला. मला रागसुद्धा आला नाही. रागाला जोर लागतो, तो आता कुठून आणायचा? आणि त्याचं काही चुकलंही नव्हतं. तो रफार भलत्याच्या डोक्यावर बसून दिवसभर कागदांवर उठत असेल आणि कुणाच्या ध्यानातही येत नसेल. मला वाटतं ताई, असंच होत असावं. कुणी भाषेला हाकलून देत नाही. तिच्याकडे बघायचं राहून जातं.

संध्याकाळी देवापुढे बसतो, तो नेम चुकवलेला नाही. मागायचं असं काही उरलेलं नाही, नुसता बसतो. आई कशी बसायची आठवतं? हात जोडलेले, आणि तोंडानं चक्क भांडण. “ऐकू येतं का तुला? की बहिरा झालास? पोराला बरं कर म्हणून सांगितलं होतं, सर्दीसुद्धा बरी करता येईना तुला!” आपण दोघं दाराआड हसायचो. परवा बसलो असताना मनात आलं, चिमी कधी देवाशी बोलत असेल तर कुठल्या भाषेत बोलत असेल? आणि लगेच माझं मलाच हसू आलं. तो बहिरा नसेल तर त्याला इंग्रजीही ऐकू येतच असणार.

तुला एक आठवण करून देतो, कारण तू हल्ली येता-जाता स्वतःला टोचत असतेस. चिमी लहान होती, तिच्या वयाची पोरं पटापटा बोलायला लागली तरी ही तोंड उघडेना. तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, घरात एकच भाषा ठेवा, मूल गोंधळतंय. तू फोनवर रडत होतीस. भावजींनी बिचाऱ्यांनी दोन्ही हात वर केले होते. तेव्हा आईच म्हणाली होती ना, “मग ठेव की त्यांची. पोरगी बोलली पाहिजे. मुकी ठेवून आपली भाषा काय चाटायची आहे?” तू म्हणालीस, मग तू तिच्याशी कशी बोलणार? आई म्हणाली, “आम्ही बघून घेऊ आमचं. तू मधे पडू नकोस.”

आणि बघून घेतलंच की त्यांनी. त्या दोघींची एक वेगळीच भाषा होती, मोजक्या शब्दांची. तुला ती सगळी माहीत नसणार, कारण चिमी कॉलेजसाठी बाहेर राहायला लागल्यापासून परस्पर फोन करायची. आई विचारायची, “जेवलीस?” ती म्हणायची, “जेवले.” आई विचारायची, “काय जेवलीस?” तिथे गाडं अडायचं. मग चिमी ताटच कॅमेऱ्यापुढे धरायची. आई चष्मा पुसून बघायची आणि म्हणायची, “बरं बरं, दिसलं. पांढरं आहे काहीतरी.” पुढे रोज तेच. जेवलीस, जेवले, ताट, पांढरं आहे काहीतरी, आणि मग दोघी हसत सुटायच्या. एकदा फोन ठेवताना चिमी “बाय” म्हणाली, तर आई फणकारली. “मला बाई म्हणते! आजी म्हण की गं, मी काय शेजारीण आहे तुझी?” मी समजावून सांगितलं की तिकडे निघताना तसं म्हणतात. आईला ते पटलं नाही. “निघताना काय म्हणायचं ते मी शिकवीन तिला,” म्हणाली. शिकवलं की नाही मला माहीत नाही. मी दिवसभर दुकानात असायचो.

निघताना काय म्हणायचं यावरून आपण किती बोलणी खाल्ली आहेत! आपल्या घरात ‘जातो’ म्हणायची सोय नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं असो की परगावी, दारातून ‘येतो’ म्हणूनच पाऊल टाकायचं. जाणं हे फक्त एकदाच असतं आणि ते बोलून दाखवायचं नसतं, असं तिचं म्हणणं. तू पहिल्यांदा तिकडे निघालीस तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आहे. टॅक्सी फाटकाशी उभी, भावजी बॅगा चढवतायत आणि गडबडीत तुझ्या तोंडून निघून गेलं, “जाते गं आई.” आईनं तुझा दंड धरून तुला परत आत आणलं. “बस. पाणी पी. आता नीट म्हण.” बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, भावजी घड्याळ बघतायत आणि तू नव्या साडीत पाटावर बसून रडत रडत पाणी पितेयस. मी तेव्हा हसलो होतो, तू मला चिमटा काढला होतास. भावजी पुढे कितीतरी वर्षं म्हणायचे, तुमच्या आईच्या व्याकरणापायी आमचं विमान चुकलं असतं.

आता शेवटच्या दिवसांचं सांगतो. तुला फोनवर सगळं सांगितलं आहे, पण एक गोष्ट सांगितली नव्हती, कारण मला ती सांगण्यासारखी वाटली नव्हती. श्वास लागायला लागल्यापासून आई येणाऱ्या प्रत्येकाला ‘येते’ म्हणायची. खाटेवरून उठता येत नव्हतं आणि निरोप घेणं चाललेलं. शेजारच्या काकू आल्या, त्यांचा हात धरून म्हणाली, “येते हं.” काकू म्हणाल्या, “काहीतरीच काय बोलता, अजून माझ्या नातीचं लग्न बघायचंय तुम्हाला.” इंजेक्शन द्यायला येणाऱ्या सिस्टरला म्हणाली. ती मुलगी बिचारी घाबरून म्हणाली, “आजी, असं बोलायचं नाही, पॉझिटिव्ह राहायचं.” आईनं मला विचारलं, “काय राहायचं म्हणते?” नळ दुरुस्त करायला माणूस आला होता, त्यालासुद्धा म्हणाली. तो ओशाळून म्हणाला, “मावशी, मी जातोय, तुम्ही कुठं निघाला?” तुलाही एकदा फोनवर म्हणाली होती. तू म्हणालीस, “आई, प्लीज, असलं काही बोलू नकोस, मला इथे कामं सुचत नाहीत.” मलाही म्हणाली. तेव्हा मी औषधाची बाटली घेऊन बसलो होतो, तिच्यावरची बारीक अक्षरं वाचत राहिलो. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत होती. मग भिंतीकडे वळली.

ती गेल्यानंतर तू येऊन गेलीस, परत गेलीस. त्यानंतर एके दिवशी दुकानात असताना मला चिमीचा फोन आला. मला असा थेट फोन तिनं पहिल्यांदाच केला. मशीन चालू होतं, ते बंद करून मी मागच्या खोलीत गेलो. “मामा” एवढं आपल्या भाषेत म्हणाली आणि पुढे इंग्रजीचा लोंढा. रडत होती. त्या लोंढ्यातले माझ्या हाताला लागले ते शब्द म्हणजे आजी, कमिंग, टोल्ड मी आणि व्हाय. व्हाय तर कितीदा तरी. मला वाटलं, आजी का गेली असं विचारते आहे. त्याला मी काय उत्तर देणार? इथे जिन्यात भेटणारी शिकलेली माणसं मला हात हातात घेऊन ‘सॉरी’ म्हणत होती, तेव्हा मीही म्हटलं, “सॉरी, बाळा.” त्यावर ती म्हणाली, “यू शुड बी,” आणि फोन बंद केला.

हे तीन शब्द मी दिवसभर घोळवत राहिलो, विसरू नयेत म्हणून. संध्याकाळी मुलाला विचारलं. तो म्हणाला, “म्हणजे, वाटायलाच पाहिजे तुम्हाला, असं. कोण बोललं तुम्हाला?” मी म्हटलं, एक गिऱ्हाईक. तो म्हणाला, “पप्पा, असल्यांना उलट उत्तर देत जा.” मी बरं म्हटलं.

त्यानंतर मी कितीतरी दिवस विचार करत होतो, माझ्याकडून त्या पोरीचं काय बिघडलं? आईची सेवा करण्यात कमी पडलो असं तिला वाटतंय का? तुझ्याजवळ विषय काढायचा धीर झाला नाही, उगाच तुम्हां मायलेकींत माझ्यामुळे काही नको. आणि मग तुझा निरोप आला. म्हणे आजीच इकडे येणार होती. मी शिक्क्यावरची शाई पुसत होतो, तसाच फडकं हातात धरून उभा राहिलो. कमिंग. टोल्ड मी. व्हाय. मग सगळं एकदम सुलटं वाचता आलं.

ताई, पोरगी खोटं बोलत नाहीये. आई तिला खरंच ‘येते’ म्हणाली होती. फोन मीच धरला होता.

दुपारची वेळ होती, मी त्या दिवशी घरीच थांबलो होतो. उशा लावून आईला बसवलं होतं. चिमीचा फोन आला. तिकडे सकाळ असावी, केस ओले होते तिचे. जेवलीस, जेवले झालं. ताट नव्हतं, कप दाखवला तिनं. मग आईनं दम घेतला आणि ती म्हणाली, “चिमे, मी येते हं आता.” मी मान खाली घातली, कारण ती निरोप घेते आहे हे मला कळलं होतं. चिमीचे डोळे मोठे झाले. “येते? आजी, तू येते?” असं मोडकंतोडकं विचारलं तिनं. आई म्हणाली, “हो गं, येते.” आता तूच सांग, त्या पोरीनं काय समजायचं? ती आजारी आहे म्हणून आपण तिला सांगितलंच कुठे होतं? परीक्षा आहे, तिच्या जिवाला घोर नको, असं तूच म्हणाली होतीस आणि मीही मान डोलावली होती. तिच्या लेखी आजी म्हणजे जरा दमलेली, खाटेवर बसून हसणारी बाई. ती बाई स्वतःच्या तोंडानं म्हणते आहे, येते. त्या शब्दाचा अर्थ तिला येत होता. तो आपण कुठल्या वेळी कशासाठी वापरतो, ते तिला कोण सांगणार होतं?

पुढचं ऐक. ती फोन घेऊन खोलीभर फिरली. इंग्रजीत भराभर काहीतरी बोलत होती आणि एकेक दाखवत होती. खिडकी दाखवली, पलंग दाखवला, उशी उचलून तिच्यावर थापट्या मारून दाखवली, बाथरूमचा दिवा लावून दाखवला. मला वाटलं, पोर आपली नवी खोली दाखवते आहे. आईसुद्धा प्रत्येकाला “छान आहे, छान आहे” म्हणत होती. आज कळतंय, ती आजी कुठे झोपणार ते दाखवत होती. बोलणं टाकलं असलंस तरी एकदा तिच्या खोलीवर जाऊन बघ. मला वाटतं, पलंगाजवळ काहीतरी जास्तीचं मांडलेलं अजून तसंच असेल. आजी येणार, मग आपण जाऊन काय करायचं, म्हणून तिनं तिकीट रद्द केलं. ती कोरडी नाही गं. ती वाट बघत होती. आणि मग आजी आली नाही, ती गेल्याचीच बातमी आली, आणि मामा फोनवर सॉरी म्हणाला. तिनं काय समजावं? मीच आजीला अडवलं, असं समजली असणार.

हे तिला मी स्वतःच सांगायला हवं होतं. दोनदा फोन हातात घेतला. पण माझ्या शब्दांत यातलं काय मावणार, सांग. मुलाला मधे बसवून, मी एक वाक्य बोलायचं आणि त्यानं ते तिला करून सांगायचं, असं मनात आलं होतं. पण मरणाऱ्या आजीचं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून तुकड्या-तुकड्यानं जायला नको वाटलं. तुला दोन्ही भाषा येतात. आपल्या घरात आता तशी तू एकटीच आहेस. हे काम मला झेपणारं नाही, तुझं आहे. तू थकली आहेस हे मला माहीत आहे. मीही थकलोय. पण एवढं कर.

आता ज्याच्यासाठी हा कागद घेतला ते सांगतो. चिमीनं तिच्या मोजक्या शब्दांत जे उत्तर दिलं, ते अजून सांगितलेलं नाही. आई “हो गं, येते” म्हणाली आणि ती पोरगी जागच्या जागी उड्या मारत, टाळ्या वाजवत ओरडली, “ये! ये आजी! लवकर ये!” ताई, इतक्या जणांकडे आईनं निरोप मागितला. शेजारणीकडे, सिस्टरकडे, नळवाल्याकडे, तुझ्याकडे, माझ्याकडे. कुणी तिला गप्प केलं, कुणी धीर दिला, मी बाटली वाचत बसलो. ‘ये’ म्हणून कुणी तिला मोकळं केलं नाही. ते या पोरीनं केलं, हसत केलं, अर्थ न कळता केलं. फोन ठेवल्यावर आई उशीला टेकली आणि त्यानंतर ती कुणालाही ‘येते’ म्हणाली नाही. तेव्हा तिच्या खोलीवर जा, दार वाजव आणि तिला हे सांग. इंग्रजीतच सांग. तिला ज्या भाषेत रडू येतं त्याच भाषेत सांग, तिथे आपला हट्ट नको. फक्त ‘येते’ हा एक शब्द आहे तसाच ठेव, त्याला तिकडचा शब्द शोधत बसू नकोस. आणि तिला सांग की आजीचा निरोप तुझ्या हातून चुकला नाही, आमच्या सगळ्यांच्या हातून चुकला, तूच तेवढा नीट दिलास. माझ्यावर विश्वास बसणार नसेल तर आजीचंच बोलणं सांग. फोन ठेवल्यावर बराच वेळ डोळे मिटून होती, मला वाटलं झोप लागली. तर डोळे न उघडताच हसली आणि मला म्हणाली, “ऐकलंस? आणि तुम्ही म्हणता पोरीला आपलं बोलणं येत नाही.”

तुझाच,
धाकटा